सहा आठवडे खायचं काय? – वाहनचालक प्रशिक्षणाच्या अनुदानाबद्दल खुलं पत्र

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली
आणि
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातला. एसटीत 29 वर्षं गाडी चालवली आणि निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं नव्या पोरांना शेजारी बसवून हात बसवून द्यायचं कामही माझ्याकडे होतं. आज पेन्शनीत बसून पत्र लिहायला घेतलं ते माझ्या पुतण्यामुळे.

पोरगा 23 वर्षांचा आहे. चार वर्षं तो दहाचाकी ट्रकवर किन्नर म्हणून जातो. शहरातली माणसं क्लीनर म्हणतात, आमच्याकडे किन्नरच म्हणतात. कांदा, साखर, कधी लोखंड. चेन्नईपर्यंत जाऊन येतो. त्याच्याकडे कार-जीपचं लायसन्स आहे, हेवी म्हणजे अवजड वाहनाचं नाही. गेल्या दिवाळीला जेवताना सहज बोलून गेला की रात्री दोननंतर उस्ताद, म्हणजे गाडीचा मुख्य ड्रायव्हर, झोपतो आणि पहाटेपर्यंत गाडी मीच मारतो. माझा घास हातातच राहिला. मी ओरडलो, नको ते बोललो. मग शांत झाल्यावर सांगितलं, की आता सरकारमान्य केंद्रं निघाली आहेत, हेवीचा कोर्स सहा आठवड्यांचा आहे, रीतसर शीक. तो खाली मान घालून ऐकत होता. म्हणाला, "तात्या, शिकतो की. पण सहा आठवडे खायचं काय? आणि घरी काय पाठवायचं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. म्हणून तो प्रश्न आपल्याकडे पाठवतो आहे.

या कामासाठी सरकार पैसे देत नाही, असं मी म्हणणार नाही. देशात 22 लाख चालक कमी आहेत हे आपणच सांगितलंत आणि त्यासाठी साडेचार हजार कोटी रुपयांची योजना मांडलीत. देशभर 1,600 चालक प्रशिक्षण संस्था उभ्या राहायच्या आहेत. मोठ्या संस्थेला 17 कोटी 25 लाखांपर्यंत, त्याखालच्या विभागीय केंद्राला साडेपाच कोटींपर्यंत केंद्र सरकारचं साहाय्य आहे. डिसेंबर 2024 मध्ये लोकसभेत केंद्रीय मंत्र्यांनी उघडपणे कबूल केलं होतं, की परदेशातल्या परिषदेत रस्ते अपघातांचा विषय निघाला की तोंड लपवावंसं वाटतं. अपघात निम्म्यावर आणायचे ठरवले होते आणि ते उलट वाढले, हेही त्यांनी सांगितलं. मंत्र्याने असं बोलायला धाडस लागतं. मला ते भाषण ऐकून बरं वाटलं आणि तेव्हापासून हे पत्र मनात घोळत होतं.

2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यातली 15,224 आपल्या महाराष्ट्रातली. 2023 मध्ये देशातला आकडा 1 लाख 72 हजारांच्या पुढे गेला. माझ्या तालुक्यातलं एक बऱ्यापैकी गाव म्हणजे चार-पाच हजार वस्ती. दरवर्षी अशी तीन गावं महाराष्ट्राच्या रस्त्यावर संपतात.

आता अनुदान कशाला मिळतं ते पाहू. इमारतीला, ट्रॅकला, जागेवरच गाडी चालवल्यासारखं दाखवणाऱ्या सिम्युलेटरला, वर्गखोलीला. हे सगळं लागतंच. पण या सगळ्याच्या मधोमध ज्याला उभं राहायचंय त्या पोराला केंद्राच्या फाटकापर्यंत आणायला एक रुपयाही खर्च होताना मला दिसत नाही. फी भरायची त्याने, राहायचं कुठे ते बघायचं त्याने, आणि त्या दिवसांची मजुरी बुडते तीही त्याचीच.

साहेब, आपल्याकडे ट्रकचा ड्रायव्हर तयार कसा होतो हे आधी सांगू द्या, कारण योजनेच्या कागदात हा भाग मला कुठे सापडत नाही.

पंधरा-सोळाचं पोर घरच्या ओढाताणीने गाडीवर जातं. पहिलं वर्ष गाडी धुणं, ताडपत्री ओढणं, दोर कसणं. दोराची गाठ नीट बसली नाही तर उस्तादाची थप्पड. थांबलं की हातात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन एकेक टायर ठोकायचा आणि आवाजावरून हवा ओळखायची. दुहेरी चाकातला आतला टायर बसला असेल तर त्याचा आवाज वेगळा येतो. रिव्हर्सला मागे उभं राहून हात करायचा. स्टोव्हवर भात लावायचा. असं वर्ष-दोन वर्षं गेलं, की एखाद्या रात्री रिकामी गाडी परत येताना, रस्ता सरळ बघून, उस्ताद म्हणतो, बस. तिथून शिक्षण सुरू. शिकवणारा स्वतः असाच शिकलेला. त्याला जे नीट येतं ते नीट उतरतं, आणि त्याच्या ज्या खोडी आहेत त्याही जशाच्या तशा उतरतात.

या पद्धतीत बेकायदा किती आहे हे मला कळतं. पण त्यात एक गोष्ट होती. पोरगं दोन-तीन वर्षं गाडीसोबत राहून गाडी ओळखायला शिकत होतं. आता तेही बंद होत चाललंय. भाडी परवडत नाहीत म्हणून मालक किन्नर देत नाहीत. टोलवर फास्टॅग आला, ट्यूबलेस टायर आले, मोबाइलवर रस्ता दिसतो, मग दुसरा माणूस कशाला, असा हिशेब आहे. ड्रायव्हर एकटाच हजार-दीड हजार किलोमीटर जातो. म्हणजे जुनी शाळा मोडली आणि नवी शाळा पोराच्या खिशाला पेलत नाही. 22 लाखांची तूट उगाच पडलेली नाही. माझ्या ओळखीतले चांगले चांगले ड्रायव्हर आपल्या मुलाला स्टिअरिंगला हात लावू देत नाहीत.

आता कायद्याकडे येतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे व्यावसायिक वाहनाच्या शिकाऊ परवान्याआधी हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर हातात असावा लागतो. वय किमान 20. शिवाय मान्यताप्राप्त शाळेचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला फॉर्म 5 म्हणतो, तेही लागतं. कागदावर व्यवस्था चोख आहे. प्रत्यक्षात हा फॉर्म 5 हेवीच्या चाकाला हात न लावताही मिळतो, हे परिवहन खात्यात टेबलामागे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी कुणा एका शाळेचं किंवा एका कार्यालयाचं नाव घेत नाही. दहा-बारा लाखांची जुनी बस किंवा ट्रक, तिचं डिझेल, विमा, एक जाणता शिकवणारा, हे सगळं ठेवून हेवी शिकवणं गावच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलला झेपत नाही. त्यामुळे तिथे कार शिकवतात आणि हेवीचा कागद देतात.

2019 साली आठवी पासची अट काढली गेली. मला तो निर्णय पटला होता. उत्तम गाडी चालवणारे आणि सही पुरतंच लिहिता येणारे कितीतरी जण मी पाहिलेत. त्या वेळी मंत्रालयाने सांगितलं होतं की शिक्षणाची अट काढली तरी प्रशिक्षण आणि कौशल्याची चाचणी यांत तडजोड होणार नाही. मग 2021 च्या जुलैपासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. अवजड वाहनासाठी सहा आठवड्यांत 38 तास. तिथून पास झालेल्याला आरटीओची चाचणी माफ. म्हणजे वचन पाळायची जागा हीच केंद्रं. आणि तिथेच पोरं पोचू शकत नाहीत.

मी साधा हिशेब मांडतो. शिकणाऱ्याला रोजचे 500 रुपये धरू. सहा आठवड्यांचे 42 दिवस, म्हणजे 21,000 रुपये. एका मोठ्या संस्थेला जे 17 कोटी 25 लाख मिळू शकतात, तेवढ्यात आठ हजारांहून जास्त पोरांची सहा आठवड्यांची भाकरी निघते. इमारत बांधू नका असं मी म्हणत नाही. पण इमारतीसोबत ही तरतूद नसेल, तर सिम्युलेटरवर कव्हर घातलेलंच राहील आणि उद्घाटनाची कोनशिला तेवढी पुसली जाईल.

38 तासांत काय शिकवायचं, याबद्दल मला पोटतिडकीने सांगायचंय. एकच गोष्ट सांगतो, घाट उतरण्याची.

पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं, की दरी पूल, स्वामीनारायण मंदिर, नऱ्हे आणि मग नवले पूल. सगळा उतार. डोळ्यांना तो घाट वाटतच नाही, रस्ता रुंद आणि गुळगुळीत. म्हणून तो जास्त घातक. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एक अवजड गाडी तिथे एकामागून एक वाहनांना धडकत गेली. पहिल्यांदा सगळे म्हणाले ब्रेक फेल. नंतर तपासातून बातम्या आल्या, की ब्रेक निकामी झाले नव्हते, उतारावर गाडी न्यूट्रलवर होती. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच उतारावर पुन्हा तसंच झालं. कंटेनर, मधे चिरडलेली कार आणि आग. ते फोटो मी पूर्ण पाहू शकलो नाही.

उतारावर न्यूट्रल का करतात? डिझेल वाचतं म्हणून. मालक ड्रायव्हरला ट्रिपमागे ठरावीक डिझेल देतो, वाचलं तर ते ड्रायव्हरचं, कमी पडलं तर पगारातून. उस्तादाने किन्नराला हेच शिकवलेलं असतं. उतार लागला की काढ गिअर, पळू दे. काही जण तर इंजिनच बंद करतात.

त्यात होतं काय, ते कुणी सांगितलेलं नसतं. गिअर काढला की इंजिनाची ओढ सुटते. वीस-तीस टन वजन आता फक्त ब्रेकवर. पाय सारखा दाबून ठेवला की चाकातले ब्रेकचे ड्रम तापतात, त्यांना घासणाऱ्या लायनरचा जळका वास येतो, आणि तापलेला ब्रेक पकडत नाही. ब्रेक हवेचे असतात, आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद केलं तर प्रत्येक दाबाला टाकीतली हवा कमी होते आणि नवी येत नाही. त्याच वेळी पॉवर स्टिअरिंगही दगडासारखं जड होतं. मग ड्रायव्हर पोलिसांना म्हणतो ब्रेक फेल झाला. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या पायाखाली ब्रेक खरंच लागलेला नसतो. का लागला नाही, हे त्याला माहीत नसतं.

मी एसटीत लागलो तेव्हा माझ्या प्रशिक्षकांनी मला खंबाटकीच्या माथ्यावर गाडी उभी करायला लावली. म्हणाले, वर येताना कोणता गिअर होता? मी म्हणालो, दुसरा. "मग उतरतानाही दुसरा. पाय ब्रेकवर ठेवून उतरशील तर खाली उतरून पायी घरी जा." सबंध उतार त्यांनी मला तीनदा करायला लावला. हवेच्या काट्याकडे बोट दाखवून म्हणायचे, हा काटा म्हणजे तुझा श्वास. पुढची 29 वर्षं वाईहून महाबळेश्वर असो की कुंभार्ली, तो काटा बघितल्याशिवाय मी एकही उतार उतरलो नाही. माझ्या सेवेत अपघात नाही, याचं श्रेय त्या तीन फेऱ्यांना जास्त आणि मला कमी.

हे शिकवायला लागतो एक माणूस, एक भरलेली गाडी आणि एक उतार. परवान्याचा ट्रॅक मात्र सपाट असतो. त्यावर रिव्हर्स येतो, आठ येतो, चढावर गाडी थांबवून पुन्हा काढणं येतं. भरलेली गाडी दोन किलोमीटर उतरवणं तिथे शक्यच नाही. म्हणून माझी मागणी आहे, की अनुदान घेणाऱ्या प्रत्येक केंद्राला घाटातल्या उतरणीचे आणि रात्रीच्या चालवण्याचे तास बंधनकारक करा, तेही वजन भरलेल्या गाडीवर. डिझेल लागेल, टायर झिजतील, शिकवणाऱ्याला रात्रीचा भत्ता द्यावा लागेल. अनुदान त्यासाठी द्या. सिम्युलेटरवर उतार दाखवता येतो हे खरं, पण जळक्या लायनरचा वास सिम्युलेटरला येत नाही.

केंद्रातून पास झालेल्याला आरटीओची चाचणी माफ आहे, याविषयी माझ्या मनात भीती आहे. शिकवणारा तोच, पास करणारा तोच आणि किती पास केले यावर त्याचं नाव चालणार. यात सगळे बेइमान असतील असं मी म्हणत नाही. पण फॉर्म 5 चं जे झालं ते आपण पाहिलंय. निदान ज्या केंद्रांना सरकारी पैसा मिळतो, तिथली शेवटची चाचणी बाहेरच्या माणसाने घ्यावी. एसटीचे निवृत्त चालक-प्रशिक्षक प्रत्येक जिल्ह्यात आहेत. भोसरीला केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेसारखी जुनी जाणती संस्था आपल्याच राज्यात आहे. तिच्या मदतीने आम्हा निवृत्त लोकांना तयार करा, आम्ही चाचण्या घेऊ. आणि प्रशिक्षण केंद्राच्या अनुदानाचा शेवटचा हप्ता तिथून बाहेर पडलेली पोरं वर्षभर कशी चालवतात हे पाहून द्या. ई-चलन आणि परवान्याचा क्रमांक दोन्ही संगणकावर आहेत, हे जुळवणं अवघड नाही.

विद्यावेतन दिलं तर पोरं पैसे घेऊन पळून जातील, असं मला एका अधिकाऱ्याने तोंडावर ऐकवलं. मग आठवड्याला द्या, हजेरी बघून द्या, थोडा भाग परवाना हातात आल्यावर द्या. आयटीआयला, पोलीस भरतीला, एसटीतल्या प्रशिक्षणार्थींना आपण शिकताना पैसे देतोच. ट्रकवाल्याच्याच बाबतीत पळून जाण्याची शंका का यावी? जो चार वर्षं ताडपत्री ओढून टिकला तो सहा आठवडे टिकेल.

किन्नर म्हणून ज्याने दोन-तीन वर्षं काढली आहेत, त्याला कोर्समध्ये पहिला नंबर द्या. टायर, दोर, वजनाची मांडणी त्याला आधीच येते. त्याला रस्त्याचा नियम, घाट, झोप आणि प्रथमोपचार शिकवायचे. त्याच्यासाठी पुस्तकापेक्षा बोलून, दाखवून शिकवा. मराठीत, हिंदीत, कन्नडमध्ये. आमच्या रस्त्यावर विजापूरकडची पोरं फार आहेत. 2018 च्या एप्रिलमध्ये खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावरच्या त्या एस वळणावर मजुरांनी भरलेली गाडी कोसळून 18 जण गेले, तेही तिकडचेच गरीब लोक होते. त्या वळणावरून जाताना आजही माझा हात आपोआप छातीकडे जातो.

आता जे आधीपासून चालवत आहेत त्यांच्याबद्दल. 22 लाख नवे येतील तेव्हा येतील, पण आज रात्री समृद्धीवर, मुंबई-आग्रा रोडवर, सोलापूर हायवेवर जे आहेत ते कुठल्याच केंद्रात कधी गेले नाहीत आणि जाणारही नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक परवान्याचं नूतनीकरण पाच वर्षांनी होतं. त्या दिवशी माणूस आपणहून आपल्या दारात येतो. आज त्याच्याकडून वैद्यकीय दाखला आणि फी घेऊन आपण त्याला परत पाठवतो. युरोपात ट्रक आणि बसच्या चालकाला दर पाच वर्षांत 35 तासांचं उजळणी प्रशिक्षण घ्यावंच लागतं. आपल्याकडेही ज्वलनशील, विषारी माल वाहणाऱ्या टँकरवाल्याला तीन दिवसांचा कोर्स आणि नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी आहे. म्हणजे तत्त्व आपल्याला मान्य आहे. मग लोखंडाच्या पट्ट्या नेणाऱ्याला, पन्नास माणसं नेणाऱ्याला का नको? सुरुवातीला दोनच दिवस करा. आणि त्याला केंद्रात बोलावू नका, केंद्र त्याच्याकडे न्या. कळंबोलीला, वाशीच्या मार्केटला, उरणच्या बंदराबाहेर, चाकणला गाड्या लोडिंगसाठी दोन-दोन दिवस उभ्या असतात. ड्रायव्हर गाडीखाली चटई टाकून पडलेला असतो. तिथे एक फिरती गाडी उभी करा, डोळे तपासा, चष्मा तिथेच द्या, दोन तास घाट आणि झोप यावर बोला, त्याची नोंद परवान्यावर करा. पन्नाशीच्या ड्रायव्हरला समोरच्या दिव्याभोवती वलय दिसत असतं आणि तो कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं तर काम जाईल. फुकट चष्मा मिळत असेल तर तो सांगेल.

झोपेचं बोललो म्हणून थोडं थांबतो. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि 25 माणसं गेली. कारणांवर पुष्कळ वाद झाला, मी त्यात निवाडा करणार नाही. पण त्या वेळेला, रात्री एक ते चार, स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाचं काय होतं हे मी अंगाने जाणतो. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. दहा किलोमीटर गेल्यावर कळतं की मधला पूल आठवतच नाही. सरळ, रिकाम्या, एकसारख्या रस्त्यावर हे जास्त होतं. मोटार वाहतूक कामगारांचा 1961 चा कायदा 2025 पर्यंत दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगत होता. तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता. आमच्याकडच्या बहुतेक मालकांकडे एक किंवा दोन गाड्या. त्यांच्या ड्रायव्हरचे तास कोण मोजणार? नव्या ट्रकना 2025 पासून एसी केबिन सक्तीची झाली हे चांगलं झालं, 45 अंशांत इंजिनाशेजारी बसणं काय असतं ते मला विचारा. पण थंड केबिनमध्येसुद्धा अठरा तास जागा राहणारा माणूस झोपणारच. प्रशिक्षणात ड्रायव्हरला शिकवा आणि त्याच वर्गात एक दिवस मालकालाही बसवा. ज्या मालकाने आपल्या ड्रायव्हरला शिकायला सोडलं त्याला विम्यात किंवा करात सवलत द्या.

जानेवारी 2024 मध्ये ट्रकवाले रस्त्यावर उतरले होते, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. अपघात करून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षं, या नव्या कलमाविरुद्ध तो संप होता. पुढे ते कलम लागू करणं थांबवलं गेलं. पळून जाणं चूकच. पण ड्रायव्हर का पळतो? जमावाच्या भीतीने. मी स्वतः एकदा दुसऱ्याच्या अपघातात मदतीला थांबलो आणि खाकी शर्ट बघून लोक माझ्याच अंगावर धावले. गाडी कुठे थांबवायची, 112 ला काय सांगायचं, जखमीला कसं हलवायचं, जवळच्या पोलीस ठाण्यात कसं हजर व्हायचं, हे 38 तासांत दोन तास शिकवा. मे 2025 पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळतात, ही एवढी चांगली योजना माझ्या पुतण्याला आणि त्याच्या उस्तादाला माहीतच नव्हती. अपघाताच्या जागी सगळ्यांत आधी बहुतेक वेळा ट्रकवालाच असतो.

मुलींचंही सांगतो. एसटीने 2019 मध्ये महिला चालकांसाठी अट शिथिल केली आणि अवजड वाहन स्वतः शिकवायला घेतलं. त्यात आदिवासी भागातल्या मुली होत्या. वेळ खूप लागला, मधे कोरोनाची साथ आली, संप आला, पण जून 2023 मध्ये सासवडहून एसटी घेऊन एक मुलगी गेली. आमच्या जुन्या सहकाऱ्यांनी तो व्हिडिओ एकमेकांना पाठवला होता. संस्थेने खर्च उचलला, शिकवलं, आणि त्या चालक झाल्या. मला जे म्हणायचंय ते एसटीने करून दाखवलेलं आहे.

अजून एक बारीक गोष्ट, विषयाला थोडी सोडून. नोव्हेंबर लागला की आमच्या भागात उसाच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून गाड्या निघतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. अंधारात त्या काळ्या ढिगाऱ्यावर मोटारसायकलची पोरं जाऊन आदळतात. रस्ता सुरक्षेच्या निधीतून साखर कारखान्याच्या गेटवर उसाचं वजन होतं तिथेच रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवायची सोय करा. दरवर्षी रस्ता सुरक्षा अभियानात शाळेच्या पोरांना बॅनर धरून उभं करण्यापेक्षा त्याने जास्त जीव वाचतील.

आपल्या दोन्ही कार्यालयांकडून मला एवढंच कळवा, की येत्या अर्थसंकल्पात शिकणाऱ्याच्या विद्यावेतनाची आणि राहण्याची तरतूद वेगळ्या शीर्षाखाली होणार आहे की नाही. होणार असेल तर किती पोरांची आणि कोणत्या जिल्ह्यात. पुतण्याला मी सांगितलंय की तोपर्यंत रात्री गाडीला हात लावायचा नाही. तो हो म्हणालाय. काल रात्री साडेअकराला त्याचा फोन आला, हुबळीच्या पुढे होते, आणि मागून उस्ताद घोरताना ऐकू येत होता. गाडी उभी होती की चालू, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

साताऱ्यात किंवा पुण्यात असं केंद्र सुरू झालं तर घाट उतरवायला शिकवण्याचं काम मी करीन. मानधन नको. पहिल्या एसटीने येईन, शेवटच्या एसटीने परत जाईन. गाडी भरलेली द्या.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक
जिल्हा सातारा